तेल लागलेलं काडतूस

काडतूस कसं निवडायचं, हे मला विचारणारा आता जगात एकच माणूस उरलाय, माझा नातू. तो पुण्यात नेमबाजी शिकतो. कागदावर गोल काढलेले असतात, पोटावर पडून त्यांच्यावर गोळ्या मारायच्या आणि मग चहा प्यायचा, असा तो खेळ. परवा फोनवर म्हणाला, "आज्जी, लांब पल्ल्याला कुठलं काडतूस बरं, यावर आमच्यात रोज भांडणं होतात. एक म्हणतो हलकी गोळी वेगानं जाते, दुसरा म्हणतो जड गोळी वाऱ्याला जुमानत नाही. तुझे वडील काय वापरायचे गं?" मी म्हटलं, "बाबा रे, माझे वडील मिळेल ते वापरायचे. पण मिळालेल्या विसातून जे एक उचलायचे ना, त्याला तुझ्या मोबाइलातले तक्ते पुरायचे नाहीत." तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी बापाची फुशारकी मारतेय. मारतच होते. सत्तरी ओलांडलेल्या लेकीनं बापाची फुशारकी मारायची नाही, तर काय शेजाऱ्यानं मारायची? पण फोन ठेवला आणि येळवसेच्या सणाचा तो दिवस आठवला, आणि गॅसवरचं दूध उतू गेलं तरी मला कळलं नाही. सून म्हणाली, "आई, लक्ष कुठाय तुमचं?" आता तिला काय सांगू कुठाय ते.

आमचं गाव नळदुर्गाहून लोहाऱ्याकडं जाताना आत लागायचं. काळी जमीन, मधून वाहणारा ओढा, ओढ्याच्या दोन्ही अंगांनी बाभळी, आणि त्यापलीकडं घळी. त्या घळींत रानडुकरं. ज्वारी हुरड्यावर आली, भुईमूग भरला, ऊस कमरेवर गेला की त्यांची जत्रा सुरू व्हायची. एका रात्रीत अर्धा एकर नांगरल्यासारखं करून टाकायची. आजोबांनी निजामाच्या राजवटीत पिकाच्या राखणीसाठी परवाना काढला होता. त्या परवान्यावरची विलायती रायफल अण्णांकडं, म्हणजे माझ्या वडिलांकडं आली. आता कायदा वेगळा आहे, जनावर मारायचं म्हटलं की सतरा कागद लागतात, आणि ते बरंच आहे असं माझं मत झालंय. पण तेव्हा आजूबाजूच्या पाच गावांत रायफल एकच आणि तिचा धनी एकच. कुठंही डुक्कर माजलं की लोक आमच्या ओसरीवर येऊन बसायचे. आई चहाचं आधण ठेवता ठेवता पुटपुटायची, "आलं बोलावणं. हाय का कुणाला ह्यांच्या जेवणाचं?" अण्णा मात्र फुलून जायचे. शेतीत ते काही फार हुशार नव्हते, बाजारात तर कुणीही त्यांना गंडवावं. पण रायफल हातात घेतली की माणूस दोन बोटं उंच व्हायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मी त्यांची एकुलती एक. मुलगा नाही म्हणून गाव हळहळायचं, अण्णा कधी हळहळले नाहीत. मला ते "माय" म्हणायचे. दुपारची जेवणं झाली, आई जरा लवंडली, की हाक यायची, "माय, परात आण गं." मग ओसरीवर आमचा कारभार सुरू. काडतूस म्हणजे काय, तर पितळेचं नळकांडं, आत दारू, तोंडात गोळी आणि बुडाशी टिकली. चाप ओढला की खिळा त्या टिकलीवर बसतो आणि बार उडतो. आईची पितळी परात पालथी घालायची, तिच्या सपाट बुडावर एकेक काडतूस आडवं ठेवून बोटानं ढकलायचं. जे सरळ घरंगळलं ते पोटाशी घ्यायचं, जे लंगडत गेलं ते बाजूला काढायचं. मग सोनाराचा जुना काटा निघायचा. नळदुर्गाच्या एका सोनाराच्या उसातलं डुक्कर अण्णांनी मारलं होतं, त्याची ती भेट. एका पारड्यात काडतूस आणि दुसऱ्यात त्याच्या भारंभार दुसरं काडतूस. फरक पडला तर किती गुंजांचा, ते मी गुंजा टाकून सांगायची. लाल-काळ्या गुंजांची पुरचुंडी माझ्या ताब्यात असायची आणि तिचा मला केवढा तोरा होता. ज्यांचं वजन तंतोतंत सारखं, त्यांची एक जोडगोळी व्हायची, आणि ती लांबच्या नेमासाठी राखून ठेवायची. अण्णा म्हणायचे, "शंभर पावलांवर समदीच काडतुसं पाटील असतात, माय. अडीचशे पावलांवर कळतं, कोण पाटील आन कोण येसकर."

गोळ्या दोन जातींच्या. एक कडक टोकाची, अंगभर तांब्याचं कवच घातलेली. दुसरी नरम टोकाची, जिच्या तोंडाशी शिसं उघडं असायचं. निशाण्यावर कडक टोक, जनावरावर नरम, हा नियम. कडक गोळी जनावरातून आरपार जाते, ते दोन कोस पळतं आणि कुठल्यातरी घळीत तडफडत मरतं. नरम गोळी आत जाऊन उमलते आणि जनावर जागच्या जागी बसतं. "मारायचंच आसंल तर झटक्यात," अण्णा म्हणायचे, "आन दुसरी गोष्ट, आरपार गेलेली गोळी पुढं कुणाच्या रानात जाईल, कुणाच्या लेकराला लागंल, ते आपल्या हातात ऱ्हात न्हाय." माझे चुलते बापूकाका, अण्णांचे धाकटे भाऊ, त्यांना हे सगळं बायकी वाटायचं. "दादा, ह्या असल्या काड्यांपरीस मोठ्या बोअरची घ्या की. वाघ लोळवील अशी!" त्यांच्या हातात दिली असती तर त्यांनी तोफही घेतली असती. अण्णा शांतपणे म्हणायचे, "बापू, बार जेवढा मोठा तेवढा दस्ता खांद्याला लाथ मारतो. खांदा भ्याला की डोळा मिटतो. डोळा मिटल्यावर मग गोळी कुनाची बी." काडतूस भरायचे तेही एकच. पाच मावत असताना एकच. दुसऱ्याचा भरवसा असला की पहिल्याचा नेम ढिला होतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या वर्षी खंडेनवमीला आईनं घोळ घातला. घरातली हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडायची, हळद-कुंकू वाहायचं, हे दरवर्षीचंच. विळा, कोयता, कुदळ, नांगराचा फाळ, आणि मधोमध रायफल. त्या साली आईच्या मनात भक्ती जरा जास्तच दाटली. फाळाला तेल लावतो, विळ्याला लावतो, मग ह्या बिचाऱ्या काडतुसांनी काय घोडं मारलंय? तिनं अकरा काडतुसं चिंचेनं लख्ख घासली आणि वाटीभर तिळाच्या तेलात हळद कालवून त्यात बुडं खाली करून उभी केली. रात्रभर. सकाळी अण्णांनी वाटी पाहिली आणि कपाळावर हात मारला. "आगं आगं आगं, हे काय क्येलंस?" आई म्हणाली, "अभ्यंग घातलं. सणाचं." तेल टिकलीत झिरपलं की काडतूस मरतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. अण्णांनी दोन काडतुसं बांधावर नेऊन चालवून पाहिली. दोन्ही वेळा नुसतं टक्. आई पदर तोंडाला लावून रडायला लागली, तशी अण्णांना हसू फुटलं. "रडतीस कशाला? येवढं अभ्यंग झाल्यावर कोन लढाईला जातंय? झोपतंच मानूस!" आईसुद्धा रडता रडता हसली. उरलेली नऊ काडतुसं तिनं कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवली. आता ही पूजेपुरतीच, म्हणाली.

त्यानंतर ज्वारी पेरली त्या दिवसांतली गोष्ट. आम्ही परात घेऊन बसलो होतो. अण्णांनी एक काडतूस उचललं, टोकावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हे नरम हाय, तिकडं ठेव." ते कडक होतं. त्यांच्या अंगठ्याला घट्टे होते, अंगठ्यानं कळण्यासारखं ते नव्हतंच, आणि डोळ्यांनी कळायला हवं होतं. मी ते गुपचूप दुसरीकडं ठेवलं. मग माझं लक्ष लागून राहिलं. काट्याची जीभ सरळ झाली का, हे ते मला विचारायला लागले. "तूच बघ माय, माझा जरा हात दुखतोय." हात दुखला तर काटा दिसत नाही होय? बुडावरचे आकडे वाचायला मला द्यायचे आणि म्हणायचे, उजेड कमी हाय. भर बारा वाजता उजेड कमी! आणि कुणी समोर येऊन बसलं की ते त्याच्याकडं सरळ बघेनात. मान जराशी वळवून, कोंबडी दाण्याकडं बघते तसं एका बाजूनं बघायचे. पुढं सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. कडेचं दिसतं, पण जिथं नजर लावावी नेमकं तिथंच काळं येतं. म्हणजे बांधावरून चालता येतं, बैल हाकता येतात, आणि फक्त नेम धरता येत नाही. दुसऱ्या कुणाला झाला असता तर दोन वर्षं कळलाही नसता असा आजार देवानं निवडून माझ्या बापाला दिला. मला त्या देवाचा अजून राग आहे.

मी हे कुणाला सांगितलं नाही. चौदा वर्षांची होते, पण एवढं समजत होतं की हे बोललं की अण्णांचं काहीतरी कायमचं मोडेल. आणि ते मला सगळ्यात जास्त आवडायचे, आईपेक्षासुद्धा. हे आई असताना कधी बोलले नाही, आता लिहायला हरकत नाही.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. मार्गशीर्ष अमावस्येला आमच्याकडं गावात कुत्रं राहत नाही, सगळं गाव रानात. मुंबई-पुण्याच्या लोकांना हा सण सांगावा लागतो, मग ते म्हणतात, अच्छा, म्हणजे पिकनिक! असो. आदल्या दिवसापासून घरात वासच वास. आंबट ताकातली ज्वारीची आंबील, बाजरीचे उंडे, तिळाच्या नि शेंगदाण्याच्या पोळ्या, गव्हाची खीर, आणि हरभरा, वाटाणा, तूर, शेंगदाणे, पालेभाज्या सगळं एकत्र रटरटवून केलेली भज्जी. सकाळी गाडी जुंपली, आंबिलीची घागर आईच्या मांडीत, मी मागं पाय सोडून. रानात कडब्याची कोप उभी केलेली, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव. पूजेत आईनं ती कुंकवाची डबीही मांडली. अण्णांनी रायफल बरोबर आणली होती, कारण आठच दिवसांपूर्वी कळप सोडून फिरणाऱ्या एका एकुलग्या डुकरानं शेजारच्या सिद्रामची मांडी फाडली होती आणि रानं माणसांनी भरलेली असताना ते घळीत होतं. काडतुसांची कापडी पिशवी कोपीच्या मेढीला टांगून ठेवली. मग अण्णांनी घोंगडं पांघरून, हातात आंबिलीचा तांब्या घेऊन "ओलगे ओलगे, सालम पोलगे" म्हणत कोपीभोवती आणि पिकात आंबील शिंपडली, आम्ही मागून हुर्रर्र करत. या शब्दांचा अर्थ आमच्याकडं कुणालाही माहीत नाही आणि कुणाचं काही अडत नाही.

पानं वाढायला घेतली तोच बापूकाका धावत आले. मागं सात-आठ जण. "दादा, डुकार आपल्या उसात शिरलंय! पलीकडच्या वड्याला. चारी बाजूंनी मानसं हायेत, भायेर पडलं की कुनाला तरी घेणार. उठा!" ऊस ओढ्याच्या पलीकडं होता. त्याच्या डाव्या टोकाला बाभूळ आणि उजव्या अंगाला हरभऱ्याचा पट्टा. आमच्या बांधापासून अडीचशे पावलं सहज. बापूकाकांनी बायका-पोरांना कोपीपाशी गोळा केलं आणि "समदी आली, समदी आली" म्हणून मोकळे झाले. कुणी मोजलं नाही.

मी अण्णांच्या जवळ गेले. "अण्णा, आज येळवस हाय. आज नगा मारू."

"त्यानं सिद्रामाची मांडी फाडली तवा वार बघितला व्हता का?"

"आवो पर समदी रानात हायेत..."

"म्हनूनच, माय." त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं, म्हणजे माझ्या कानाकडं. आवाजात खात्री होती, पण हात दस्त्यावरून उगाच फिरत होता. त्यांनाही भीती वाटत होती, हे मला त्या हातावरून कळलं. सात-आठ गडी उभे, बापूकाका उभे, पाच गावांची अब्रू उभी. अशा वेळी माणूस 'मला दिसत नाही' म्हणतो का? माझा बाप म्हणाला नाही. म्हणाला, "नरम टोकाचं आण. परवा तोललेल्यातलं."

कोपीत गेले. पिशवी मेढीला होती, तिला हात लावला. आणि मग तो हात काढून मी पांडवांपुढची डबी उघडली. एक काडतूस घेतलं, परकराला पुसलं, पुन्हा पुसलं. मी चोरी करत होते आणि ते मला पुरतं ठाऊक होतं. आयुष्यभर ज्यांनी मला काडतूस निवडायला शिकवलं, त्यांना मी निवडून निवडून मेलेलं नेऊन देत होते. आणि मेलेलं तरी कशावरून? अण्णांनी दोनच चालवून पाहिली होती. तुळजापूरच्या आईला म्हटलं, आई भवानी, मी परत काही मागणार नाही, एवढं एक मेलेलं निघू दे.

अण्णा बांधावर पोटावर पडले होते, नळीखाली वाळूचं पोतं. मी त्यांच्या उजव्या अंगाला पडले. त्यांनी हात मागं केला, मी काडतूस ठेवलं. क्षणभर त्यांनी ते तळहातात धरलं. मला वाटलं, कळलं. पण डुक्कर उठवायला पलीकडून डबे वाजायला लागले, हाळ्या उठल्या, आणि त्यांनी ते भरलं. उसाची पाती डावीकडं हलली. डुक्कर बाहेर आलं ते बरोबर बाभळीपाशी, हे एवढं थोरलं, काळं, आणि थांबलं. मी म्हटलं, "बाभळीपाशी, अण्णा!" डब्यांच्या आवाजात त्यांना ते ऐकू गेलं नाही. नळी बाभळीवरून सरकत उजवीकडं गेली आणि हरभऱ्यात थांबली. हरभऱ्यात एक काळं ढेकूळ वाकलेलं होतं. ते हललं, आणि मला काठ दिसला. लुगड्याचा काठ. ती कोंडाबाई होती, आमच्या सालगड्याची बायको. आईला पानात वाढायला कोवळी भाजी हवी म्हणून गेली होती. ऐकायला तिला जरा कमीच यायचं. मी ओरडायला तोंड उघडलं, तोवर अण्णांनी श्वास सोडला, आणि चाप ओढला.

टक्.

बार उडाला नाही तर काय करायचं, हे मला पाळण्यातून उठल्यापासून पाठ होतं. नळी जिथं आहे तिथंच धरायची, बोल्ट, म्हणजे काडतूस कोंडणारा खटका, उघडायचा नाही, तीस आकडे मोजायचे. कधीकधी मेलेलं काडतूस उशिरा जागं होतं. पण नळी कोंडाबाईवर होती. मी दोन्ही हातांनी ती नळी धरली, पोत्यावरून ढकलली आणि सगळ्या अंगाच्या भारानं खाली मातीत दाबली.

"नळीला हात लावती?" अण्णा आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर खेकसले. "अक्कल हाय का न्हाय?"

"अण्णा, तिथं कोंडाबाई हाय."

नळी मातीत, माझे हात नळीवर. मग त्यांनी मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. नियम म्हणजे नियम. पंधराच्या पुढं आवाज चिरकायला लागला, तरी एकही आकडा गाळला नाही. तीस झाल्यावर बोल्ट उघडला, काडतूस तळहातावर पडलं, त्यांनी ते नाकाशी नेलं.

"डुकार कुठं व्हतं?"

"बाभळीपाशी. गेलं घळीत."

"हळदीचा वास येतुया ह्याला."

मी नळीवरचे हात काढले आणि परकराला पुसले.

"कवापासनं ठावं हाय तुला?"

"पेरणीपासनं."

"आईला?"

"न्हाय. कुनालाच न्हाय."

तेवढ्यात बापूकाका धापा टाकत पोचले. "दादा, झालं काय? सोन्यासारखं जनावर हातचं गेलं की!" अण्णांनी मूठ उघडून दाखवली. "काडतूस मेलेलं निघालं." बापूकाकांनी वास घेतला आणि खदखदून हसले. "वैनीचं अभ्यंगाचं काडतूस! आन मग, डुकराला हळदी-कुंकवाला बलवायचं व्हतं का?" सगळे हसले. माझी आई ओशाळी होऊन चुलीशी वळली. आणि खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. अण्णांची अब्रू राहिली होती, कोंडाबाई जिवंत होती, आईची थोडी चेष्टा झाली, ती काय, दोन दिवसांत विसरतील. माझ्या लेखी सगळं मिटलं होतं.

पानांवर बसलो. कोंडाबाई ओटीत हरभऱ्याची भाजी घेऊन आली. तिला काहीच माहीत नव्हतं. वाकून अण्णांच्या पानात चिमूटभर वाढत म्हणाली, "खावा मालक, लई कवळी हाय. जरा लांबच ग्येले हुडकाया." अण्णांनी भाजीला हात लावला नाही. मान वळवली, तिचा चेहरा कडेनं नीट दिसेल इतकी वळवली, आणि बराच वेळ तिच्याकडं बघत राहिले. ती बावरली. मग ते पानावरून उठून उभे राहिले. येळवसेच्या भरल्या पानावरून उठणं अशुभ. आई म्हणाली, "आवो, आवो!"

"कोंडाबाई," अण्णा म्हणाले, "मगाशी माझी नळी तुझ्यावर व्हती. म्या चाप वढला. मला तू डुकार दिसलीस. मला दिसत न्हाय गं, लई दिवस झालं. म्या कुनाला बोललो न्हाय. ह्या पोरीनं मेलेलं काडतूस दिलं म्हनून तू हितं उभी हायेस."

बापूकाका म्हणाले, "दादा, झालं गेलं, कशाला आता..." "बापू, तू गप बस." कोंडाबाईला पहिल्यांदा नीट ऐकू आलं नसावं, तिनं आईकडं पाहिलं, आईचं तोंड पाहिलं, आणि मग ती मटकन खाली बसली. ओटीतली भाजी सांडली. आणि मग ती जी सुरू झाली! "मुडदा बशिवला त्या बंदुकीचा! तीन लेकरं हायेत माझी, मालक! धाकटं अजून अंगावर पितंय! दिसत न्हाय तर बोलायला काय झालं व्हतं? तोंड शिवलं व्हतं का तुमचं?" मालकाला असं बोललेलं त्या रानानं कधी ऐकलं नव्हतं. तिचा नवरा तिला आवरायला पुढं झाला, अण्णांनी त्यालाच हातानं मागं सारलं. "बोलू दे तिला." ती बोलली. शेवटी रडून रडून दमली, आईनं तिला कवळ्यात घेतलं, तेव्हा म्हणाली, "उद्या ती बंदूक घरात दिसली तर म्या तुमच्या दारात पाय ठेवायची न्हाय."

"दिसायची न्हाय," अण्णा म्हणाले. मग ते परत पानावर बसले, मातीत सांडलेली भाजी गोळा करून घेतली आणि मातीसकट खाल्ली.

घरी येताना गाडीत ते माझ्याशेजारी मागं बसले. मला वाटत होतं, आता बोलतील, रागावतील. मी फसवलं होतं त्यांना. गाडी ओढ्यातून वर चढताना मी म्हटलं, "अण्णा, चुकलं माझं." ते म्हणाले, "काडतूस निवडायला चुकली न्हाईस. मला सांगायला चुकलीस. म्या बी तुला सांगायला चुकलो. फिट्टंफाट." आणि मग मी रडले ते घर येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं नळदुर्गाला गेलो, रायफल, काडतुसं आणि परवाना घेऊन. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, फेटा बांधला होता. ठाण्यातले हवालदार त्यांना ओळखायचे. कधीकाळी त्यांच्याही सासुरवाडीचं रान अण्णांनी राखलं होतं. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, अर्ज लिहायला घेतला आणि विचारलं, "अण्णा, हत्यार जमा करण्याचं कारण काय लिहू?"

"दिसत न्हाय."

हवालदारांची लेखणी थांबली. भला माणूस होता तो. हळूच म्हणाला, "आपण असं लिहू, सध्या वापर नाही. तेवढंच पुरतं."

"न्हाय सायेब. डोळ्यानं दिसत न्हाय, आसंच लिव्हा."

त्यांनी लिहिलं. वाचून दाखवलं. मग कागद फिरवून अण्णांपुढं सारला, लेखणी हातात दिली आणि म्हणाले, "इथं सही करा." ठाण्यात पाच-सहा जण होते, त्यांतले दोन आमच्या गावचे. अण्णांनी मान एकीकडं वळवली, मग दुसरीकडं. लेखणी कागदावर अधांतरी फिरली. हवालदार उठायला लागले, तशी अण्णांनी मान हलवून त्यांना बसवलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माय, माझं बोट धर आन कुठं ते दाव."

मी त्यांचं बोट धरून कागदावर टेकवलं. "हितं, अण्णा." त्यांनी सावकाश, पूर्ण नावानं सही केली. सही झाली, लेखणी खाली ठेवली, तरी त्यांनी माझा हात सोडला नाही.